रशियन आणि चिनी भाषेतला अभिमान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रशियनच्या वर्गात पहिल्या दोन महिन्यांत कुणीतरी हमखास विचारतं, ‘सर, आय अॅम प्राउड ऑफ यू कसं म्हणायचं?’ चिनी शिकणारेही हेच विचारतात. उत्तर एका ओळीचं आहे, पण ते दिलं की मागून प्रश्नांची रांग लागते. वर्षानुवर्षं तेच ते प्रश्न ऐकून शेवटी ही रांग लिहून काढली. देवनागरीतले उच्चार अंदाजे समजावेत. चिनीत जिथे ‘ज़’ लिहिलाय तो ‘जमीन’मधला ज, आणि ‘ज्याओ’मधला ज हा ‘जीव’मधला. मराठी माणसाला हे दोन ज वेगळे कानात आयते मिळालेत, त्याचा फायदा घ्या.

‘मला तुझा अभिमान वाटतो’ हे दोन्ही भाषांत कसं म्हणतात?

रशियनमध्ये: ‘या गर्झूस ताबोय’. चिनीत: ‘वो वेय नी गानदाओ ज्याओ-आओ’.

आता जरा वाक्याची चिरफाड करू. मराठीत अभिमान आपण होऊन येतो. ‘मला वाटतो’, म्हणजे मी नुसता यजमान. रशियनमध्ये तो मी स्वतः करतो. ‘गर्दीत्सा’ हे सरळ क्रियापद आहे आणि ज्याचा अभिमान, ते नाम तृतीयेत जातं. ‘ताबोय’ म्हणजे शब्दशः ‘तुझ्याने’. आपली मुलं इथे सवयीने षष्ठी लावतात आणि गुण घालवतात. ‘गर्दीत्सा’ लक्षात ठेवायला ‘गर्दीत सा लावला’ हे मी सांगतो. विनोद फालतू आहे, पण शब्द विसरला जात नाही.

चिनीत विभक्ती नाही, काळाची रूपं नाहीत. तिथे ‘वेय’ हा छोटा शब्द सगळं काम करतो: ‘तुझ्यासाठी’, ‘तुझ्यामुळे’. हा ‘वेय’ नीट लक्षात ठेवा. पुढे तो गळला की काय अनर्थ होतो ते येईलच.

रशियनमधल्या ‘गोर्दस्त’ आणि ‘गर्दीन्या’ यांत फरक काय?

मूळ एकच, प्रत्यय वेगळा. ‘गोर्दस्त’ म्हणजे अभिमान. आजच्या बोलण्यात बहुतेक वेळा चांगल्या अर्थाने. मुलाच्या पदकाची गोर्दस्त, गावच्या पुलाची गोर्दस्त. ‘गर्दीन्या’ म्हणजे अहंकार, तोही साधासुधा नाही. देवापुढेही मान न लववणारा. हा शब्द ऐकला की रशियन माणसाला चर्च आठवतं. ऑफिसातल्या शिष्ट साहेबाला कुणी ‘गर्दीन्या’ म्हणत नाही, त्याच्यासाठी हलके शब्द पुष्कळ आहेत.

मराठीत आपण हेच काम उपसर्गाने करतो: स्वाभिमान, दुरभिमान. रशियन ते शेपटाकडून करते.

म्हणजे ‘गोर्दस्त’ हा शब्द पहिल्यापासून चांगलाच होता का?

मुळीच नाही, आणि या विषयातला मला सगळ्यात रस असलेला भाग हाच आहे.

व्लादीमिर दालचा मोठा रशियन कोश १८६३ ते १८६६ या काळात प्रसिद्ध झाला. त्यात ‘गोर्दी’ (अभिमानी) या विशेषणाचे अर्थ बघा: उद्धट, फुगलेला, नाक वर असलेला, स्वतःला इतरांहून वरचा समजणारा. एकही चांगला अर्थ नाही. दालने गोळा केलेल्या म्हणींतही तोच सूर. एक म्हण सांगते, गोर्दी असणं म्हणजे लोकांत मूर्ख ठरणं. दुसरी यमकात आहे आणि झकास आहे: सैतान गर्व करू लागला, आभाळातून खाली पडला, फारोने (इजिप्तच्या राजाने) गर्व केला, समुद्रात बुडून मेला, आणि आपण गर्व करतोय, आपण कुठल्या कामाचे?

याच्या मागे ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडचं, चर्च आहे. चौथ्या शतकात इव्हाग्रियस नावाच्या वाळवंटातल्या संन्याशाने माणसाला छळणाऱ्या आठ दुष्ट विचारांची यादी केली. त्यात फुकाची कीर्तिलालसा सातवी आणि गर्व आठवा, म्हणजे शेवटचा आणि सर्वांत घातक. पश्चिमेकडे पुढे पोप ग्रेगरीच्या हातून या यादीची सात पापं झाली. पूर्वेकडच्या चर्चने आठचा हिशोब सांभाळला. म्हणून रशियनमध्ये आजही ‘त्शिस्लावीये’ (पोकळ कीर्तीची हाव) आणि गर्व हे दोन वेगळे रोग मानतात. पहिल्याला टाळ्या वाजवणारे लोक लागतात, दुसऱ्याला कुणीच लागत नाही. १८७६ मध्ये पूर्ण झालेल्या रशियन बायबलातही ‘देव गोर्दी लोकांना विरोध करतो आणि नम्रांना कृपा देतो’ असंच वाक्य आहे. या सगळ्याच्या विरुद्ध टोकाचा गुण ‘स्मिरेनिये’, म्हणजे नम्रपणे स्वीकारणं. आपल्याकडे ‘लहानपण दे गा देवा’ म्हणत वाढलेल्या माणसाला हा गुण समजावून सांगावा लागत नाही.

मग शब्द उजळला कधी?

एका दिवसात नाही, पण दोन खुणा सांगता येतात. १९०२ मध्ये मॅक्सिम गोर्कीच्या नाटकात एक दारूडा पात्र म्हणतं की ‘माणूस’ हा शब्द कसा गोर्दस्तीने घुमतो. गुत्त्यासारख्या धर्मशाळेत उच्चारलेलं हे वाक्य पुढे सोव्हिएत शाळांच्या भिंतींवर चढलं. (गोर्की आणि गोर्दी यांची गल्लत करू नका. गोर्की म्हणजे कडू. टोपणनाव आहे ते.)

दुसरी खूण १९१४ च्या डिसेंबरातली. लेनिनने ‘महारशियनांच्या राष्ट्रीय गोर्दस्तीविषयी’ असा लेख लिहिला. युद्ध सुरू होतं, देशाभिमानाचे ढोल वाजत होते. लेनिनचा मुद्दा असा की आम्हालाही राष्ट्रीय अभिमान आहे, आणि म्हणूनच आम्हाला आमच्या गुलामीच्या इतिहासाची विशेष चीड येते. राजकारण बाजूला ठेवा. शब्दाचं काय झालं ते पाहा. धर्माने पाप ठरवलेला शब्द ‘आम्ही’ला जोडला की धुऊन निघतो, हे तंत्र तिथे दिसतं. पुढे सोव्हिएत वृत्तपत्रांनी ते रोज वापरलं.

तरी जुना डाग पूर्ण गेला नाही. १९६७ मध्ये पडद्यावर आलेल्या एका सोव्हिएत विनोदी चित्रपटात कॉकेशसमधला एक यजमान दारूचा पेला उंचावून गोष्ट सांगतो: सगळा थवा दक्षिणेकडे निघाला, पण एक छोटी गोर्दी चिमणी म्हणाली, मी सरळ सूर्याकडे उडणार. पंख भाजले आणि खोल दरीत पडली. तेव्हा मित्रांनो, आपण कितीही उंच उडालो तरी समूहापासून फुटू नये, यासाठी पिऊ या! आणि ऐकणारा भोळा नायक रडू लागतो, चिमणीची दया येऊन. ‘छोटी पण गोर्दी’ हे शब्द रशियन लोक आजही थट्टेने वापरतात. समूहाची गोर्दस्त चालते, एकट्याची महागात पडते, हा सगळा हिशोब त्या एका विनोदात आहे.

क्रियापदाला उपसर्ग लागला की अर्थ बदलतो म्हणतात, खरं का?

खरं. ‘गर्दीत्सा’ म्हणजे अभिमान बाळगणं. त्याला ‘वज़’ किंवा ‘ज़’ जोडला, ‘वज़्गर्दीत्सा’, ‘ज़गर्दीत्सा’, की झालं माजणं. ‘बढती मिळाली आणि ज़गर्दील्सा’ म्हणजे आता रस्त्यात ओळख देत नाही. अभिमान असणं ठीक, अभिमान चढणं वाईट. मराठीतही ‘चढला’ म्हटलं की दुसरं काही सांगावं लागत नाही.

‘गोर्दस्त’ आणि आपला ‘गर्व’ एकाच मुळाचे का?

ऐकायला मोह होतो, पण नाही. रशियन आणि संस्कृत या दूरच्या बहिणी आहेत म्हणून दरवेळी ध्वनी जुळला की नातं लावायचं नसतं. गोर्दीचे खरे चुलतभाऊ स्लाव भाषांत सापडतात, आणि त्यांची तोंडं कुठे कुठे फिरलीत ते पाहण्यासारखं आहे. झेकमध्ये ‘हर्दी’ म्हणजे अभिमानी. पोलिशमध्ये त्याच मुळाचं क्रियापद तुच्छ लेखणं दाखवतं. सर्बियन आणि स्लोव्हेनियनमध्ये ‘गर्द’ म्हणजे चक्क कुरूप. एकाच घरातले चौघे आणि चौघांचे चेहरे चार.

उद्धटपणासाठी रशियनमध्ये रोजच्या वापरातले शब्द कोणते?

ढीगभर आहेत. नेहमी लागणारे तेवढे सांगतो.

‘विसाकामेरिये’: शब्दशः ‘उंच माप’. स्वतःला वरच्या पट्टीने मोजणं. लेखी भाषेत चालतो.

‘नद्म्येन्नी’: मुळात ‘हवा भरून फुगलेला’. आज फुगा कुणाच्या डोक्यात येत नाही, पण शब्दाच्या पोटात तो आहे.

‘गोनर’: हा पोलिशमधून आला. पोलंडात ‘होनर’ म्हणजे इभ्रत. सीमा ओलांडून रशियात आला आणि त्याचा अर्थ झाला फुकटचा ताठा. शेजाऱ्याची इभ्रत आपल्याला ताठाच वाटते, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसऱ्या कुठल्या शब्दात मी तरी पाहिलेला नाही.

‘ज़ज़्नाय्का’: शाळेतला शब्द. चार गुण जास्त मिळाले म्हणून मिरवणारं पोर.

‘नाक वर करणं’ तसंच्या तसं आहे. शिवाय ‘गोगल’सारखं चालणं. गोगल हे एका रानबदकाचं नाव. छाती काढून, मान ताठ करून पाण्यावर तरंगणारं. प्रसिद्ध लेखकाचं आडनाव तेच आहे, पण वाक्प्रचार बदकाचा. आणि यशाने डोकं फिरलेल्या नटाला ‘तारा-रोग’ झाला म्हणतात.

‘समाल्यूबिये’ म्हणजे स्वतःवरचं प्रेम ना? मग ते या यादीत कसं?

शब्दशः ‘स्वतःवर प्रेम’च, पण अर्थ तो नाही. समाल्यूबिये म्हणजे आपल्या मानाचं हळवं, दुखरं ठिकाण. कुणी चारचौघांत चूक काढली की जिथे लागतं, ते. ते जास्त असलं तर माणूस चिडका, अजिबात नसलं तर लाचार. रशियन आई ‘त्याला समाल्यूबिये आहे’ असं काळजीने म्हणेल, कौतुकानेही म्हणेल. मराठीत ‘मानी आहे हो पोरगं’ या वाक्याच्या सर्वांत जवळ हाच शब्द येतो. आणि मदत न मागणाऱ्या शेजारणीबद्दल ‘ती गोर्दया आहे’ म्हटलं तर तेही ‘मानी’च, तिथे गर्विष्ठ भाषांतर करू नका.

चिनी ‘ज्याओ-आओ’ चांगला शब्द की वाईट?

दोन्ही. बेइजिंगच्या प्रमाण चिनी कोशात त्याचे तीन अर्थ मिळतात आणि क्रम बोलका आहे. पहिला: स्वतःला फार मोठं समजणं, इतरांना कमी लेखणं. दुसरा: अभिमान वाटणं. तिसरा: ज्याचा अभिमान वाटावा अशी व्यक्ती किंवा वस्तू, जसं ‘ही धावपटू देशाची ज्याओ-आओ आहे’. निंदा पहिली, कौतुक मागून.

रशियनने दोन अर्थांसाठी दोन शब्द केले. चिनीने शब्द एकच ठेवला आणि अर्थ ठरवायचं काम आजूबाजूच्या शब्दांवर सोपवलं. ‘वेय’ म्हणजे ‘कुणासाठी’ आलं, किंवा ‘गानदाओ’ म्हणजे ‘वाटतं’ आलं, की अर्थ चांगला. नुसतं ‘तो फार ज्याओ-आओ आहे’ म्हटलं की शिष्ट, गर्विष्ठ. अभिमान कुणाच्या पायी आहे ते सांगा, नाहीतर तो तुमच्या डोक्यात गेलाय असं आम्ही समजू, असा हा कारभार.

यात चूक झाली तर?

माझी झाली आहे, म्हणून सविस्तर सांगतो. चाकणच्या बाजूला एका कारखान्यात दुभाषी म्हणून नवा होतो. चिनी इंजिनिअरने रात्रभर बसून बंद पडलेलं यंत्र सुरू केलं. सकाळी चहा देताना मला म्हणायचं होतं, ‘तुम्हाला नक्कीच अभिमान वाटत असेल.’ मी म्हणालो, ‘नी ईदिंग हेन ज्याओ-आओ.’ व्याकरणात एकही चूक नाही. त्याने पाना खाली ठेवला आणि विचारलं, ‘माझं काही चुकलं का?’ मी त्याला ‘तुम्ही नक्कीच फार माजोरडे आहात’ असं सांगून बसलो होतो. ‘गानदाओ’ एवढा दोन अक्षरांचा शब्द मध्ये घातला असता तर चहा गोड लागला असता. तेव्हापासून मी वर्गात हे वाक्य फळ्यावर लिहितो आणि त्यावर लाल फुली मारतो.

‘ज्याओ’च्या अक्षरात घोडा का आहे?

कारण शब्द घोड्याचाच होता. इसवी सन १०० च्या सुमारास शू शन याने चिनी अक्षरांचा कोश रचला. त्यात ‘ज्याओ’चा अर्थ दिलाय: सहा ची उंचीचा घोडा. हान घराण्याच्या काळातला एक ची साधारण २३ सेंटिमीटर, म्हणजे घोडा सुमारे एक मीटर चाळीसचा. अक्षराच्या डाव्या अंगाला घोडा, उजव्या अंगाला ‘उंच’. उंच, दमदार, लगाम न मानणारं जनावर. तिथून माणसाच्या उर्मटपणाकडे यायला फार चालावं लागत नाही. आपल्याकडेही पोरगं ‘उधळतं’च.

याच अक्षराची एक वेगळी कहाणी आहे. हान काळात उत्तरेकडच्या श्योंगनू टोळ्यांच्या राजाने स्वतःच्या लोकांना ‘त्येन-ज-ज्याओ-ज़’ म्हटलं, म्हणजे ‘आभाळाचे लाडावलेले लेक’. हान दरबाराला ते झोंबलं असणार. पुढे मात्र तोच शब्दप्रयोग नशीबवान, हुशार तरुणांसाठी रूढ झाला; १९८० च्या दशकात कॉलेजला जागा मिळवणारी मुलं चीनमध्ये ‘त्येन-ज-ज्याओ-ज़’ होती.

मग ‘ज़हाओ’ कशासाठी?

निखळ चांगल्या अभिमानासाठी. ‘ज़’ म्हणजे स्वतः, ‘हाओ’ म्हणजे भव्य, दिलदार, शूर. याला वाईट अर्थ नाही, म्हणून नवशिक्याने हाच वापरावा. थोडा औपचारिक आहे, भाषणात आणि वर्तमानपत्रात जास्त भेटतो. गंमत म्हणजे ‘हाओ’च्या अक्षरात खाली डुक्कर बसलंय. मूळ अर्थ ताठ केसांचा प्राणी, आणि आजही साळिंदराला ‘हाओ-जू’ म्हणतात. घोडा बदनाम झाला, साळिंदर सन्मानाला चढलं.

आणखी एक वाक्यरचना शिकून ठेवा: ‘वो ई नी वेय रोंग’. ‘तू माझं भूषण’ असा भाव. वडीलधारे, शिक्षक, पदवीदान समारंभ इथे शोभते.

चिनी शाळेत अभिमानाविरुद्ध खरंच घोषणा असते का?

असते, आणि ती चीनमध्ये वाढलेल्या कुणालाही अर्धी म्हटली की पुरी करता येते: नम्रतेने माणूस पुढे जातो, ज्याओ-आओने मागे पडतो. १५ सप्टेंबर १९५६ ला कम्युनिस्ट पक्षाच्या आठव्या अधिवेशनाचं उद्घाटन करताना माओने हे वाक्य म्हटलं आणि तिथून ते फळ्यांवर, भिंतींवर, वह्यांच्या पुठ्ठ्यांवर गेलं. क्रांतीचा पक्ष होता, पण वाक्याची हाडं जुनी आहेत. कन्फ्यूशियसच्या संवादांत आहेच की थोर माणूस निवांत असतो पण गर्विष्ठ नसतो, क्षुद्र माणूस गर्विष्ठ असतो पण निवांत नसतो. (‘निवांत’ हा शब्द मला तिथे फार आवडतो. माज करणाऱ्याला सतत इकडेतिकडे बघावं लागतं, हे त्याने पकडलंय.) आणि आणखी एक जुनं वचन: भरलेलं सांडतं, नम्र मिळवतं. म्हणूनच आत्मसंतुष्टपणाला ‘ज़मान’ म्हणतात, ‘स्वतःने भरलेला’.

पोराने पैकीच्या पैकी आणले की घरी पहिलं वाक्य बरेचदा ‘ब्ये ज्याओ-आओ’ हेच येतं. फुगू नकोस.

चिनी आईबाप मुलांचं कौतुक करतच नाहीत का?

करतात, पण तोंडावर आणि परक्यांपुढे कमी. जुन्या शिष्टाचारात स्वतःच्या मुलाचा उल्लेख ‘च्वेनज़’ असा, म्हणजे ‘आमचं कुत्र्याचं पिल्लू’. घर म्हणजे ‘थंडगार खोपट’. ‘गरिबाच्या झोपडीत या एकदा’ म्हणणाऱ्या आणि स्वतःच्या लेकाला ‘आमचं ध्यान’ म्हणणाऱ्या मराठी मंडळींना यात परकं काही वाटू नये. कुणी स्तुती केली तर उत्तर ‘नाली नाली’, म्हणजे ‘कुठे, कुठे?’. तरुण मंडळी आता सरळ ‘शिएशिए’, धन्यवाद, म्हणून मोकळी होतात.

आत आनंद मावत नसला की तो ‘जंग-ची’ या शब्दात बाहेर येतो. ‘पोरगं जंग-ची निघालं’ म्हणजे घराण्याचं नाव राखलं. ‘जंग-ग्वांग’ म्हणजे कुणासाठी तरी प्रकाश जिंकून आणणं: गावासाठी, शाळेसाठी, देशासाठी. ही मुलाची स्तुती आहे, पण पुरस्कार समूहाच्या खात्यात जमा होतो.

मोबाइल आल्यावर मात्र लाज थोडी सैल झाली. पोरांचे फोटो टाकत राहण्याला ‘शाय-वा’ म्हणतात. ‘शाय’ म्हणजे उन्हात वाळत घालणं. कुरडयांसारखी पोरं गच्चीवर! आणि २०२० मध्ये ‘व्हर्सायी साहित्य’ हा शब्द गाजला: तक्रार करतोय असं दाखवत श्रीमंती मिरवणं. ‘काय वैताग आहे, नवीन गाडी जुन्या गॅरेजात मावत नाही’ या जातीचं लिखाण.

‘आओ’ हे दुसरं अक्षर एकटं आलं तर?

तर दोन रस्ते. ‘आओची’ म्हणजे उद्धट हवा, वाईट. ‘आओगू’ म्हणजे अभिमानी हाड, चांगलं. माणसात आओची नसावी पण आओगू असावं, हे चित्रकार शू बेइहोंग यांच्या नावावर सांगितलं जाणारं वाक्य चिनी लोकांच्या तोंडी असतं. तांग काळातला कवी ली बाय कुणापुढे वाकत नसे, कारण त्याच्या कमरेतच असं एक हाड होतं, अशी जुनी आख्यायिका आहे. आपण मोडेन पण वाकणार नाही म्हणतो ते कण्याबद्दल. त्यांनी हाड थेट कमरेत बसवलं.

निसर्गातही ‘आओ’ सुंदर आहे. बर्फात फुलणारं प्लमचं झाड बर्फाला ‘आओ’ दाखवतं, शेवंती गोठलेल्या दवाला. माणसाने थंडीपुढे ताठ राहावं, शेजाऱ्यापुढे नको.

माजावरच्या चिनी म्हणी सांगा.

‘ज्याओ-बिंग बी बाय’: माजलेली फौज हरणारच. ‘शेपटी वर करणं’: शेफारणं, आणि उलट ‘शेपटी पायांत घालून वागणं’ हा चक्क सल्ला असतो, आपल्यासारखी नामुष्की नव्हे. नाक रशियनांचं, शेपूट चिन्यांचं, शिंगं आपली; प्रत्येकाचा माज वेगळ्या अवयवातून फुटतो.

‘येलांग ज़दा’: येलांग स्वतःला मोठं समजतं. येलांग हे आजच्या ग्वेजो प्रांताच्या भागातलं छोटं राज्य. हान सम्राटाच्या दूताला तिथल्या राजाने विचारलं, ‘हान मोठं की आम्ही?’ बिचाऱ्यावर अन्याय झालाय. इतिहासकार सिमा च्येनच्या ग्रंथात हा प्रश्न आधी शेजारच्या द्येनच्या राजाने विचारल्याचं आहे. दोघांनाही डोंगरापलीकडे काय आहे ठाऊक नव्हतं. नाव मात्र येलांगचं खराब झालं, दोन हजार वर्षांसाठी.

तैवानमध्ये बढाईखोराला ‘चोउ-पी’ म्हणतात. शब्दशः अर्थ ‘घाणेरडा पाद’. पाहुण्यांपुढे वापरू नका.

एकाच इंग्रजी शब्दाचं दोघांनी वेगळं भाषांतर केल्याचं उदाहरण आहे का?

जेन ऑस्टिनची १८१३ ची कादंबरी, ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’. रशियनमध्ये ती ‘गोर्दस्त’ शब्दाने ओळखली जाते, चिनीत ‘आओमान यू प्येनज्येन’. ‘आओमान’ म्हणजे निव्वळ उद्धटपणा, दुसरा अर्थच नाही. म्हणजे रशियन वाचक पुस्तक उघडतो तेव्हा नायक मानी आहे की गर्विष्ठ हे अजून ठरायचंय. चिनी वाचकाला मुखपृष्ठावरच निकाल कळलेला असतो. मला विचाराल तर इथे रशियन शीर्षक जास्त प्रामाणिक आहे, कारण कथेचा सगळा खेळ त्या संदिग्धतेवर चालतो. पण चिनी भाषांतरकाराला दोष कसा देणार? शीर्षकात ‘ज्याओ-आओ’ घातला असता तर मागे-पुढे ‘वेय’ कुठून आणणार?

देशाभिमानासाठी दोन्हीकडे कोणता शब्द?

रशियात ९ मे ला, विजयदिनी, ‘या पोम्न्यू, या गर्झूस’ ही घोषणा सगळीकडे दिसते: मला आठवतंय, मला अभिमान आहे. क्रियापद एकवचनी, प्रथमपुरुषी. चीनमध्ये सरकारी शब्द ‘मिनज़ू ज़हाओ-गान’, राष्ट्राभिमानाची भावना. तरी नेते ज्याओ-आओ जपून वापरतात. १ जुलै २०२१ ला पक्षाच्या शताब्दीच्या भाषणात शी जिनपिंग यांनी तरुणांना तीन ‘ची’ (‘आओची’मधली ची, मापाची नव्हे) वाढवायला सांगितल्या: जिद्द, कणा आणि आतला भरवसा. अर्थ अभिमानाजवळचाच, पण घोड्याचं अक्षर टाळून.

समलिंगी समुदायाच्या प्राइड मिरवणुकीला काय म्हणतात?

रशियनने इंग्रजी शब्द उचलला, ‘प्राइद’. देशात मात्र आता अशा मिरवणुकीला जागाच नाही; २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने या चळवळीलाच अतिरेकी ठरवलं. शांघायमध्ये २००९ पासून होणारा उत्सव ‘ज्याओ-आओ ज्ये’ या नावाने चालला आणि २०२० मध्ये आयोजकांनी तो थांबवला. तैपेईत २००३ पासून मोठी मिरवणूक निघते, पण तिच्या चिनी नावात अभिमान नाही, ‘थोंगज’ आहे. थोंगज म्हणजे मूळचा कॉम्रेड, आता समलिंगी व्यक्ती.

सिंहांच्या कळपालाही इंग्रजीत ‘प्राइड’ म्हणतात. तो?

रशियनमध्ये ‘प्राइद’च. चिनीत नुसता ‘सिंहांचा कळप’.

मराठीतला ‘गर्व’ यात कुठे बसतो?

सध्या दोन दगडांवर पाय ठेवून उभा आहे. ‘गर्वाचे घर खाली’ म्हणणाऱ्या पिढीला गर्व म्हणजे दोषच. हिंदीत मात्र ‘गर्व’ हा चांगला अभिमान, आणि फलकांवरून, मोबाइलवरून तो मराठीत त्याच अर्थाने येतोय. ‘मला माझ्या मुलीचा गर्व आहे’ हे वाक्य माझ्या आईला चुकीचं नाही, अशुभ वाटतं. दुसऱ्या बाजूला ‘माज’ हा उघड वाईट शब्द टी-शर्टावर छाती काढून मिरवतो. दालच्या कोशापासून गोर्कीच्या नाटकापर्यंत रशियनने जो प्रवास केला, तो आपण आपल्या डोळ्यांदेखत करतोय. आणि ‘अभिमान’ तरी धुतल्या तांदळाचा कुठे होता? संतांच्या लेखी ‘देहाभिमान’ सुटावा म्हणून तर सगळा खटाटोप.

चिनी सहकाऱ्याच्या मुलीला चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळाला. मी काय लिहू?

‘ज्याओ-आओ’ला हात लावू नका. लिहा, ‘मुलगी जंग-ची निघाली.’ उत्तर ‘नाली नाली’ येईल, मागोमाग मुलीचा फोटोही येईल.

आणि रशियन सहकाऱ्याला?

‘व्वी मोझेत्ये येयु गर्दीत्सा’, तुम्ही तिचा अभिमान बाळगू शकता. मात्र ‘येयु’ विसरू नका; तिथे तृतीया आहे.